दाढेखालची सरकी

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या. कवळी बोलायला लागली की माणसं हसतात, हे मला ठाऊक आहे. तोंडाबाहेर निघालेले दात पाहून लहान मुलं पळतात आणि मोठी माणसं पदराआड हसतात. झालं हसून? मग आता ऐका. जन्मभर दुसऱ्याचा घास चावला मी, एकदा स्वतःचं बोलले तर कोणाच्या बापाचं काय जातं?

मी एक म्हातारी कवळी. जळगाव जामोदच्या एका घरात, स्वयंपाकघरातल्या फळीवर, स्टीलच्या वाटीत राहते. वाटीत पाणी असतं आणि इमामबी ते रोज सकाळी बदलतात. कोरडी ठेवली तर माझा आकार वाकडा होतो, हे त्यांना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. माझे मालक म्हणजे इमामबींचे यजमान, फकीर मोहम्मद. त्यांना आता नवी कवळी मिळाली आहे, मला फक्त अडीअडचणीसाठी ठेवलं आहे. तक्रार काही नाही, पण चैनही नाही. वाटीला जरा धक्का लागला की मी तळाशी खडखडते. माझी ही चुळबुळ आजची नाही, जन्मापासूनची आहे. आणि त्यात दोष माझा नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते.

फकीर मोहम्मद एका जिनवाल्या, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना असलेल्या शेठचे पारखी. कापसाच्या दिवसांत ते गावोगाव जात. चौकात काटा टांगायचा, शेतकऱ्यांनी गाठोडी आणायची आणि तोलण्याआधी फकीरभाईंनी कापूस पाहायचा. पाहायचा म्हणजे डोळ्यांनी नव्हे. गाठोड्यात हात घालून एक पुंजका काढायचा, त्यातली सरकी बोटांनी मोकळी करायची आणि दाढेखाली धरून फोडायची. सरकी वाळलेली असली तर 'टक' असा आवाज येतो. ओली असली तर आवाजच येत नाही, ती नुसती चेपते. फकीरभाईंनी 'कोरडा' म्हटलं की भाव पूर्ण, 'ओला' म्हटलं की भाव खाली. त्यावर कोणी हुज्जत घालत नसे. 'फकीरभाईचा दात खोटं बोलत नाही' असं सातपुड्याच्या पायथ्याची सगळी गावं म्हणत. शेतकऱ्याच्या गाठोड्याचं खरं तेच सांगणारा माणूस शेठनं पाठवलेला असावा, हे नवलच होतं, पण तसं होतं खरं.

तो दात मी पाहिलेला नाही. मी आले तेव्हा तो गेलेला होता. कसा गेला ते मात्र इमामबींच्या तोंडून शंभरदा ऐकलं आहे. सकाळी उठून तंबाखूची मिसरी घासायची, दिवसभर गालात पान ठेवायचं आणि वरून हंगामभर सरक्या फोडायच्या. दाताला रक्त आलं तर मिठाच्या गुळण्या करायच्या आणि ठणका लागला तर लवंग धरायची. डॉक्टरकडे जायचं नाव नाही. शेवटी दात एकेक करून हलायला लागले, हिरड्यांतून पू यायला लागला आणि दसऱ्याच्या तोंडावर उरलेसुरले सगळे काढून टाकावे लागले. ज्या माणसाची रोजी दातावर, त्याचं तोंड ऐन हंगामात मोकळं झालं.

डॉक्टरीणबाईंचं नाव अलफिया. वयानं लहान, पण बोलायला स्पष्ट. त्या म्हणाल्या, "चाचा, आत्ता कवळी नका करू. हिरड्यांची सूज उतरू द्या. आतलं हाड बसतं, हिरडी आकसते. संक्रांतीनंतर या, पक्की बसवून देते."

"कापूस संक्रांतीपर्यंत थांबते काय, बेटा?" फकीर मोहम्मद म्हणाले. "हे बीटीचं बियाणं आल्यापासून सगळी बोंडं संगंच फुटतात. मले दिवाळीच्या आत दात पायजे."

उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ समजावलं, मग हात टेकले. मालकांच्या तोंडात मऊ लगदा दाबून माप घेतलं. त्या मापावरून प्लॅस्टरचा साचा झाला, मेणावर माझे दात ओळीनं बसवले गेले, मग पितळी डब्यात दाबून मला उकळलं आणि चाकावर घासून चकचकीत केलं. माझ्या हिरड्यांचा रंग बीटीच्या पाकिटातल्या औषध लावलेल्या बियाण्यासारखा गुलाबी. दातांचा रंग निवडायची वेळ आली तेव्हा मालकांनी सगळ्यांत पांढरा निवडला. घरी आल्यावर इमामबींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या घरात उर्दूत बोलतात, मी तुम्हाला आपल्या बोलीत सांगते. त्या म्हणाल्या, "दाढी नातवंडवाल्याची अन् दात नवरदेवाचे."

पहिले दिवस कौतुकाचे गेले. शेजारपाजारचे पाहायला येत. मालक आरशासमोर उभे राहून हसत. 'स' म्हणताना शिट्टी वाजायची, तीही हळूहळू गेली. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

मग पहिलं गाव आलं, पहिलं गाठोडं आलं आणि पहिली सरकी माझ्या दाढेखाली आली.

मित्रांनो, तुमच्या दाताला मूळ असतं. कठीण काय, मऊ काय, ओलं काय, कोरडं काय, हे ते मूळ तुम्हाला सांगतं. मला मूळ नाही. मी हिरडीवर नुसती टेकलेली. सरकी दाढेखाली आली की मी एका बाजूनं उचलली जायची, सरकी घसरायची आणि थेट माझ्याखाली जाऊन हिरडीत रुतायची. आवाज कसला आणि पारख कसली. पहिल्या दिवशी मालक सरकी चावत राहिले, चावत राहिले, आणि मग डोळे मिटून म्हणाले, "कोरडा."

त्यांनी हातानं कापूस दाबून तो अंदाज केला होता. तो बरोबर निघाला. इतकी वर्षं कापसात घालवलेला हात, पुष्कळदा बरोबरच निघायचा. लोकांना शंकाही आली नाही. उलट त्यांचा भरवसा वाढला. जुन्या हाडामांसाच्या दातापेक्षा मशीनवर घडवलेला दात पक्का, असं त्यांनी आपल्या मनानंच ठरवून टाकलं. "फकीरभाई, आता तं तुमचे दात कंपनीचे," कोणी म्हणे आणि मालक हसून घेत. नाही म्हणत नसत. कसं म्हणणार? दात गेला हे गावानं चालवून घेतलं असतं, पारख गेली हे चालवून घेतलं नसतं. शेठनं दुसरा माणूस पाठवला असता.

म्हणून ते रोज गाठोड्यापुढे सरकी तोंडात घालायचं सोंग करत. मी आत अस्वस्थ व्हायची. पुढच्या हंगामापर्यंत डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं, हिरडी आकसली आणि मी ढिली पडले. बोलताना खटखट वाजायची, खोकला आला की सुटायची. हिरडीला दोन्हीकडे जखमा झाल्या. रात्री मला काढून पाण्यात ठेवायचं सोडून ते मला तोंडात घेऊनच झोपायचे, कारण काढली की पुन्हा घालताना दुखायचं. त्यामुळे तोंड आलं, जखमा चिघळल्या. भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, इथं चणेही होते आणि दातही होते, नव्हता तो फक्त खाण्याचा आनंद. इमामबी म्हणायच्या, "जा की त्या पोरीकडे, दाखवा." तर उत्तर ठरलेलं, "हंगाम होऊ द्या."

आता ऐका त्या दिवसाचं. ते वर्ष सगळ्यांनाच वाईट होतं. पाकिटातल्या बियाण्याला अळी लागत नाही म्हणून लोकांनी ते डोळे झाकून लावलं होतं, आणि अळी बोंडाच्या आत शिरून बसली होती. जे बोंड वाचलं ते फुटलं आणि त्यावर दिवाळीत पाऊस पडला. वेचायला बाया मिळेनात. कापूस पिवळा पडायच्या आत घरी आणायची जो तो घाई करत होता. एका गावच्या चौकात काटा लागला, तेव्हा गाठोड्यांची रांग पार विहारापर्यंत गेली होती. कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

रांगेत पहिला कडूबा होता. मोठा शेतकरी, गालात सदा तंबाखूची पुडी. मालकांनी त्याच्या गंजीत हात घातला. वरचा थर उन्हानं तापलेला होता. सरकी तोंडात घेतली, ती माझ्याखाली घसरली आणि नेमकी जखमेवर बसली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोरडा," ते घाईनं म्हणाले.

त्याच्या मागे जनकाबाई होत्या. यांची ओळख करून देते. दोन एकरांच्या धनीण, नवरा पुण्याला कामाला, शेत त्यांच्या एकट्याच्या जिवावर. दव उतरल्याशिवाय कापसाला हात लावायच्या नाहीत. पाऊस झाल्यावर त्यांनी सगळा कापूस घरावरच्या टिनाच्या पत्र्यांवर पसरून वाळवला होता, उन्हं सरकतील तसा स्वतः हलवला होता. मालकांनी सरकी तोंडात घेतली. जखम आधीच ठणकत होती, त्यांना चावताच येईना. कापूस हाताला गार लागला, कारण गाठोडं सकाळभर लिंबाच्या सावलीत होतं.

"ओला," ते म्हणाले.

जनकाबाई जागच्या हलल्या नाहीत. "भाई, पुन्हा पाहा."

"पाह्यला, बाई. ओलाच आहे."

"मी टिनावर वाळवला. माहे पाय भाजले. पुन्हा पाहा."

मालकांनी पुन्हा सरकी घेतली आणि पुन्हा सोंग केलं. मी आतून पाहत होते, जीभ नुसती इकडून तिकडे फिरत होती. पाय भाजेपर्यंत वाळवलेला कापूस ओला ठरत होता आणि मी काही करू शकत नव्हते. त्या वेळी मला जितका राग आला तितका पुन्हा कधी आला नाही.

जनकाबाईंनी आपल्या गाठोड्यातली सरकी काढली, स्वतःच्या दाढेखाली धरली आणि फोडली. टक. चौकात सगळ्यांनी ऐकलं. मग त्या कडूबाच्या गंजीकडे गेल्या, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळातली सरकी काढली. तीही दाढेखाली धरली. काहीच वाजलं नाही. त्यांनी चेपलेली सरकी हातावर काढून सगळ्यांना दाखवली.

"बाईच्या दाताचं काय खरं?" कडूबा म्हणाला.

"मंग तू फोड," मागून कोणीतरी म्हणालं.

कडूबानं सरकी घेतली खरी, पण त्याचं तोंडच उघडेना. पुडी खाऊन खाऊन जबडा दोन बोटांपलीकडे उघडायचा बंद झाला होता, हे त्या दिवशी गावाला कळलं. त्याच्या शेजारच्यानं घेतली, तर त्याची दाढ किडलेली, तो कळवळून थुंकला. तिसऱ्यानं 'माहे दात शिवशिवतात' म्हणून हात मागे घेतला. भल्या मोठ्या रांगेत धड दातांची माणसं शोधावी लागली. जनकाबाईंनी आयुष्यात मिसरीला बोट लावलं नव्हतं. लहानपणापासून लिंबाची काडी, आणि पोरगी सुवर्णा शाळेत शिकून आली तेव्हापासून रात्रीचा ब्रशही.

कडूबाला राग आवरेना. तो मालकांकडे वळला. "म्हणजे फकीरभाई, तुमचे खायाचे दात एगळे अन् दाखवाचे एगळे. आजपासून या गावचा कापूस तुमच्या काट्यावर येनार नाई."

शेठचा माणूस काट्यापाशी उभा राहून हे सगळं ऐकत होता. मालकांना एवढंच म्हणायचं होतं की 'चूक झाली, नजरचूक'. लोकांनी ते मानलंही असतं. वयस्कर माणूस, पावसाळी कापूस, होते चूक. मला वाटलं ते तेच म्हणणार.

त्यांनी तोंडात दोन बोटं घातली आणि मला बाहेर काढलं. वरची, मग खालची. तळहातावर ठेवून सगळ्यांपुढे धरली. मित्रांनो, कवळीला चारचौघांत उघडं करणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. ऊन लागत होतं, माझ्या कडेला रक्त होतं आणि दातांत सरकीचं टरफल अडकलं होतं. माझ्याशिवाय मालकांचे गाल आत गेले, शब्द फसफसायला लागले. तरी ते बोलले.

"हे दात माहे नाईत. ह्याईले काई समजत नाई. हे आले तवापासून मी अंदाजानंच सांगून राह्यलो. जनकाबाईचा कापूस कोरडा आहे. कडूबा, तुहा ओला आहे."

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. माणसं खाली पाहत उभी राहिली. कोणी म्हातारा म्हणाला, "मंग आमी आता कोनाचं ऐकाचं?" 

जनकाबाईंनी आपली पाण्याची कॅन उचलली. "हात पुढं करा, भाई. धुऊन घाला. धूळ बसली."

त्यांनी पाणी ओतलं, मालकांनी मला धुतलं. पण तोंडात घातलं नाही, रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. जनकाबाईंचा कापूस पूर्ण भावानं तोलला गेला. काही जणांनी गाठोडी उचलून घरी नेली. शेठच्या माणसानं जाताना सांगितलं की पुढच्या वेचणीला या गावानं कापूस दिला नाही, तर फकीरभाईंनी घरी बसावं.

घरी येऊन मालकांनी झालं ते सांगितलं. इमामबींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या बाईलाच ठेवा की सोबत. ती फोडेल, तुम्ही ऐका."

"नको," मालक म्हणाले. "माझे दात ह्याच कामानं गेले. तिचे चांगले आहेत, चांगलेच राहू देत."

इमामबी उठल्या, आपलं पानदान उघडलं आणि अडकित्ता काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "दात तुमचे पडले. कान शाबूत आहेत ना?"

त्या दिवसापासून घरात नुसती कटकट चालली. इमामबी एक सरकी पाण्यात भिजवायच्या, एक उन्हात ठेवायच्या, एक नुसती दवात. मालक डोळे मिटून बसायचे आणि इमामबी अडकित्त्यात सरकी फोडायच्या. चुकले की त्या चिडवायच्या, बरोबर आलं की पुढची. आणि हंगाम संपायची वाट न पाहता मालक अलफिया डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "चाचा, दुखतं तेव्हा यायचं असतं." त्यांनी जखमा बऱ्या होईपर्यंत मला बाहेर ठेवायला सांगितलं, मग नव्यानं माप घेऊन मला आतून अस्तर लावलं. रात्री काढायची, मऊ ब्रशनं धुवायची, पाण्यात ठेवायची, मिसरी बंद, पान बंद. मालकांनी सगळं मुकाट ऐकलं.

दुसऱ्या वेचणीला काटा पुन्हा त्याच चौकात लागला. मालक मला घालून आणि अडकित्ता घेऊन बसले. गाव जमलं, पण गाठोडं कोणी पुढे करेना. कडूबा हात बांधून लिंबाखाली उभा होता. शेठचा माणूस सारखा घड्याळ पाहत होता. एवढ्यात जनकाबाई आल्या. डोक्यावर एक लहानसं गाठोडं होतं, ते त्यांनी काट्यापुढे सोडलं.

"पाहा भाई."

मालकांनी तळापर्यंत हात घातला, सरकी काढली, अडकित्त्यात धरली आणि दाबली. मी कान देऊन ऐकलं. काही वाजलं नाही. त्यांनी दुसरी सरकी घेतली. तीही नुसती चेपली.

सगळा चौक त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. ज्या बाईनं त्यांची लाज राखली, तिचाच कापूस. 'कोरडा' म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण त्यांच्या कानानं जे ऐकलं ते ऐकलं होतं. ते म्हणाले, "जनकाबाई, ओला आहे."

"हाव," जनकाबाई म्हणाल्या. "ओलाच आहे. पहाटंच्या दवातला वेचून आणला. कोरडा तिकडं बैलगाडीत आहे. म्हटलं पाहू, भाई खरं बोलतात का नाई."

मग लिंबाखालून एक गाठोडं पुढे आलं, मग दुसरं. कडूबाचं सगळ्यांत शेवटी आलं, पण आलं. त्याचा कापूस या खेपेला कोरडा होता आणि मालकांनी ते मोठ्यानं सांगितलं. त्या दिवशी ते पुष्कळ दिवसांनी मोकळे हसले आणि मी जागची हलले नाही.

मित्रांनो, मी तुम्हाला काय शिकवणार? मला मूळ नाही, तुम्हाला आहे, एवढंच सांगते. दात दुखला तर लवंग धरून हंगाम संपायची वाट पाहू नका. घरात कोणी आजोबा-आजी माझ्यासारखी कवळी वापरत असतील तर विचारा, बोचते का, ढिली झाली का. ते आपणहून सांगणार नाहीत. आणि त्यांच्या वाटीतलं पाणी बदलायचा कंटाळा करू नका.

परवा जनकाबाई आल्या होत्या. त्यांचे केस आता पार पिकले आहेत, पण एकही दात हललेला नाही. इमामबींनी भुईमुगाचे भाजलेले दाणे पुढे ठेवले. त्यांनी एक दाणा उचलून दाढेखाली धरला, तशी मालकांनी गप्पा थांबवून मान तिरकी केली, सवयीनं. मीही वाटीत खडखडायची थांबले.

"कोरडा," मालक म्हणाले, आणि त्यांनी दुसरा दाणा जनकाबाईंच्या हातावर ठेवला.